दीनाला कुणी विचारलंच नाही



बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'उत्पत्ति'. त्याच्या ३४व्या अध्यायात एका मुलीची गोष्ट येते. मुलीचं नाव दीना. याकोब आणि लेआ यांची ही लेक. याकोबाचं बिऱ्हाड शखेम नावाच्या गावाजवळ उतरलेलं असतं. दीना एकदा त्या मुलखातल्या मुलींना भेटायला म्हणून बाहेर पडते. तिथल्या सरदाराचा मुलगा तिला पाहतो, घेऊन जातो आणि तिच्यावर बळजोरी करतो. त्याचंही नाव शखेमच. पुढं लगेच असं येतं, की त्याचा जीव तिच्यावर जडला, तो तिच्याशी प्रेमानं बोलू लागला आणि हिच्याशीच माझं लग्न लावून द्या म्हणून बापाच्या मागं लागला.

मग दोन्ही घरांची बैठक बसते. मुलाचा बाप हमोर सोयरिकीचं बोलणं घेऊन येतो. मुलगा म्हणतो, मागाल तेवढं देज देतो. दीनाचे भाऊ अट घालतात, की तुमच्या गावातल्या सगळ्या पुरुषांनी आधी सुंता करून घ्यावी. अट मान्य होते. तिसऱ्या दिवशी गावातले पुरुष वेदनेनं आडवे पडलेले असताना शिमोन आणि लेवी हे दीनाचे सख्खे भाऊ तलवारी घेऊन गावात शिरतात, सगळ्या पुरुषांची कत्तल करतात आणि बहिणीला शखेमच्या घरातून घेऊन निघतात. त्यांच्यामागून बाकीचे भाऊ येऊन गाव लुटतात. गुरंढोरं, धान्य, बायका, मुलं, जे हाती लागेल ते नेतात.

हा अध्याय ३१ वचनांचा आहे. त्यात शखेम बोलतो, हमोर बोलतो, भाऊ बोलतात, शेवटी याकोबही बोलतो. एकटी दीना बोलत नाही. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. आणि तिला कुणी काही विचारतही नाही. तुझ्यावर काय ओढवलं, तुला हे लग्न हवंय का, तुला घरी यायचंय का, यातला एकही प्रश्न त्या गोष्टीत नाही. याकोबाची काळजी आजूबाजूच्या टोळ्या आता आपल्यावर चालून येतील ही. भावांचा संताप घराण्याची अब्रू गेली यासाठी. यानंतर दीनाचं नाव येतं ते थेट मिसर देशाकडे निघालेल्या कुटुंबाच्या यादीत. तिथंही फक्त नाव.

तिच्या जन्माच्या वेळची गोष्टही अशीच आहे. तिच्याआधी याकोबाला दहा मुलगे झाले. त्या प्रत्येकाच्या नावाचा अर्थ 'उत्पत्ति'मध्ये सांगितलेला आहे. लेआ किंवा राहेल तो स्वतः सांगते. अकराव्या खेपेला मुलगी होते, तिचं नाव दीना ठेवलं, एवढंच लिहून लेखणी पुढं जाते.

आता कुणी म्हणेल, की इतक्या जुन्या ग्रंथाला आजच्या काळाचे प्रश्न कशाला विचारायचे? शंका रास्त आहे. त्या काळचा कायदा काय होता, हे आधी पाहायला हवं. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात अशा प्रसंगाचा नियम दिलेला आहे. वाग्दान न झालेल्या मुलीला कुणी धरून तिच्याशी संग केला, तर त्यानं मुलीच्या बापाला पन्नास शेकेल चांदी द्यावी आणि तिच्याशी लग्न करावं. म्हणजे नुकसान झालं ते बापाचं, आणि भरपाईही बापाची. मुलीची संमती होती की नव्हती, हा त्या व्यवहारातला मुद्दाच नव्हता. दीना गप्प आहे ती लिहिणाऱ्याच्या विसराळूपणामुळे नव्हे. ज्या व्यवस्थेत ही गोष्ट घडली, त्या व्यवस्थेत तिच्या बोलण्याला जागाच नव्हती.

पण गोष्टीत रिकामी जागा राहिली, की वाचणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. ज्यू धर्मपंडितांची, म्हणजे रब्बींची, एक फार जुनी परंपरा आहे. तिला मिद्राश म्हणतात. ग्रंथातला शब्द न बदलता, दोन शब्दांमध्ये जी फट राहिली असेल तिथं गोष्ट रचायची, असा तो प्रकार. दीनाबद्दलही अशा गोष्टी रचल्या गेल्या. एका मिद्राशात ती शखेमच्या घरातून निघायलाच तयार नाही. ही लाज घेऊन मी आता कुठं जाऊ, असं ती विचारते आणि शिमोन तिला सांभाळण्याचं वचन देतो. दुसरीकडे तिला मुलगी होते, ती मिसर देशात वाढते आणि पुढं योसेफाची बायको होते. काही रब्बींनी मात्र दीनालाच बोल लावला. मुलीच्या जातीनं घराबाहेर पडायचं काय कारण होतं, असा त्यांचा सूर. हा सूर आपल्याही ओळखीचा आहे.

तेव्हा बायबलमधल्या स्त्रियांच्या गोष्टी नव्यानं सांगण्याची हौस आजकालची नाही. विसाव्या शतकात हे काम कादंबरीनं हाती घेतलं. थोर जर्मन लेखक थॉमस मान याची 'योसेफ आणि त्याचे भाऊ' ही चार भागांची कादंबरी १९३३ ते १९४३ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाली. योसेफावर आळ घेणारी पोटीफरची बायको बायबलमध्ये बिननावाची आहे. माननं तिला नाव दिलं, मन दिलं, आणि तिची तळमळ इतक्या समजुतीनं रंगवली, की वाचकाला तिचा राग येण्याऐवजी तिची दया येते. पहिल्या भागात दीनाचं प्रकरणही आहे. भावांचा डोळा आधीपासूनच त्या गावाच्या संपत्तीवर होता, असं मान सुचवतो. अब्रूच्या नावाखाली लूट, हा त्याला दिसलेला अर्थ. तरीही त्या प्रकरणात आपण गोष्ट पाहतो ती बाप आणि भाऊ यांच्याच बाजूनं.

दीना स्वतः गोष्ट सांगायला बसते ती १९९७ मध्ये, अनिटा डायमंट या अमेरिकन ज्यू लेखिकेच्या 'द रेड टेंट' या कादंबरीत. पुस्तक आलं तेव्हा त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. उरलेल्या प्रती प्रकाशक रद्दीत काढणार होता. त्याऐवजी त्या रब्बींना भेट म्हणून पाठवा, असं लेखिकेनं सुचवलं. रब्बींनी आपल्या प्रवचनांतून पुस्तकाविषयी सांगितलं, बायकांच्या वाचनमंडळांनी ते उचलून धरलं आणि एकीनं दुसरीला सांगत सांगत त्याच्या लाखो प्रती खपल्या. २०१४ मध्ये त्यावर दूरदर्शन मालिकाही झाली.

नावातला लाल तंबू हा मासिक पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांत बायकांनी एकत्र राहण्याचा तंबू. बायबलमध्ये असा तंबू नाही. पण एक धागा आहे. राहेल बापाच्या घरातल्या देवमूर्ती चोरून आणते, उंटाच्या खोगिरात लपवते आणि त्यावर बसते. बाप शोधायला येतो तेव्हा, मी बाहेरची आहे, मला उठता येत नाही, असं सांगून वेळ मारून नेते. डायमंट यांच्या तंबूत लेआ, राहेल, जिल्पा आणि बिल्हा या याकोबाच्या चार बायका एकत्र बसतात, गातात, एकमेकींचे केस विंचरतात, आणि दीना या चारही आयांच्या गोष्टी ऐकत मोठी होते. मराठी वाचकाला हे वाचताना थोडं अडखळायला होईल. कावळा शिवला म्हणून चार दिवस कोपऱ्यात बसलेली आई किंवा आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते बाजूला बसणं इतकं आनंदाचं वाटणार नाही. विसावा म्हणावा की वाळीत टाकणं म्हणावं, हे तिथं बसणारीलाच ठाऊक.

या कादंबरीतली दीना सुईणीचं काम शिकते. एका बाळंतपणासाठी राहेलबरोबर शखेमच्या वाड्यात जाते. तिथल्या राजपुत्रावर तिचं मन बसतं. बळजोरी नाही, दोघांचं प्रेम जमतं, लग्न होतं. मग एका रात्री भाऊ येऊन तिच्या शेजारी झोपलेल्या नवऱ्याला मारून टाकतात. ती बापाला आणि भावांना शाप देते, सासूबरोबर मिसर देशात जाते, तिथं मुलाला जन्म देते आणि आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं करत राहते. म्हातारपणी ती मरणाला टेकलेल्या याकोबाच्या तळावर जाते. तिथल्या बहुतेकांना ती ओळखू येत नाही. पण एक लहान पुतणी तिच्यासमोर बसून, ही कोण आहे हे न जाणता, दीनाची गोष्ट तिलाच सांगते. पुरुषांनी जी टाकून दिली, ती गोष्ट बायकांनी एकमेकींच्या कानात जपून ठेवलेली असते. कादंबरीतली ही जागा मला सगळ्यांत मोलाची वाटते.

या कादंबरीवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला. ज्या अध्यायात बळजोरी आहे, तिथं प्रेमकथा बसवणं कितपत योग्य? अत्याचार झाल्यावर 'अहो, तिचीही इच्छा असणार' असं म्हणणारी तोंडं काय थोडी आहेत? डायमंट यांच्या बाजूनं असं सांगता येतं, की मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ काय, यावर अभ्यासकांमध्येच एकमत नाही. त्याचा अर्थ बलात्कार असा घेणारे आहेत, तसा घरच्यांच्या परवानगीवाचून झालेला संबंध, म्हणून झालेली मानहानी, असा घेणारेही आहेत. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण या वादातूनच मुख्य गोष्ट लख्ख होते. बळजोरी होती की प्रेम होतं, हे आपण आज तीन-चार शब्दांचा कीस काढून ठरवायला बसलो आहोत. का? तर जिला ते माहीत होतं, तिला कुणी विचारून ठेवलं नाही म्हणून.

'उत्पत्ति'च्याच ३०व्या अध्यायात आणखी एक न विचारलेली बाई आहे. राहेलला मूल होत नाही, म्हणून ती आपली दासी बिल्हा हिला याकोबाच्या स्वाधीन करते. बिल्हाला होईल ते मूल राहेलचं. मार्गारेट अॅटवुड या कॅनडियन लेखिकेनं १९८५ मध्ये 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी लिहिली, तिच्या मुळाशी ही तीन वचनं आहेत. त्यात अमेरिकेची सत्ता कट्टर धर्मवाद्यांच्या हाती गेली आहे. मूल होऊ शकेल अशा बायकांना मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी दासी म्हणून ठेवलं जातं आणि या व्यवस्थेला आधार म्हणून राहेल आणि बिल्हा यांची गोष्ट दर वेळी वाचून दाखवली जाते. २०१७ मध्ये या कादंबरीवरची मालिका आली. त्यानंतर अमेरिकेत आणि इतर देशांत बायका तो लाल झगा आणि पांढरी टोपी घालून आपल्या हक्कांसाठी निदर्शनं करताना दिसू लागल्या.

या कादंबरीतला एक बारकावा मात्र लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. त्या राज्यात बायबल कुलपात असतं. ते काढायचं आणि वाचायचं घरच्या पुरुषानं. बायकांना वाचायला बंदी. प्रार्थनेत एखादं वचन ऐकू येतं आणि हे मूळचं नाही, यांनी पदरचं घातलंय, असा नायिकेला संशय येतो. पण पडताळून पाहणार कसं?

त्या संशयाचं उत्तर अॅटवुड यांनी चौतीस वर्षांनी दिलं. २०१९ मध्ये 'द टेस्टामेंट्स' हा पुढचा भाग आला, त्याला त्या वर्षीचं बुकर पारितोषिक विभागून मिळालं. त्यात शाळेतल्या मुलींना 'शास्ते' या पुस्तकातली एक भयंकर गोष्ट शिकवली जाते. एक लेवी आपल्या उपपत्नीबरोबर परगावी उतरलेला असतो. गावगुंड घराला वेढा घालतात, तेव्हा तो तिला त्यांच्या हवाली करतो. सकाळी ती उंबऱ्याशी पडलेली सापडते. तिच्या देहाचे बारा तुकडे करून तो इस्राएलभर पाठवतो. शाळेत सांगितलं जातं, की तिनं स्वतःहून बलिदान केलं, केवढी थोर बाई! पुढं यातली एक मुलगी वाचायला शिकते आणि मूळ पान तिच्या हाती येतं. त्यात बलिदान वगैरे काही नसतं. तिला बाहेर ढकललेलं असतं. त्या मुलीच्या पायाखालची जमीन सरकते. ग्रंथ जेवढा कठोर आहे, तेवढा तो निदान खरं सांगतो. त्याला साखर लावून पाजणारेच अधिक घातक, हे तिला उमगतं.

दीनाला, बिल्हाला कुणी विचारलं नाही. मरीयेचं, म्हणजे येशूच्या आईचं, नेमकं उलट आहे. तिला सगळेच विचारतात. आयरिश लेखक कोल्म टोबीन याची 'द टेस्टामेंट ऑफ मेरी' ही छोटी कादंबरी २०१२ मध्ये आली. म्हातारी मरीया इफिस गावी राहते आहे. दोन माणसं तिच्याकडे येतात. ती तिची काळजी घेतात, तिला खायला-प्यायला आणतात आणि तिची जबानी लिहून घेतात. पण त्यांना हवं ते उत्तर आधीच ठरलेलं आहे. ती सांगते, मला भीती वाटली, शेवटपर्यंत मी तिथं थांबले नाही, जीव वाचवून पळाले. त्यांना हे लिहायचं नसतं. योहानाच्या शुभवर्तमानात मरीया क्रुसाजवळ उभी आहे. म्हणून कित्येक ख्रिस्ती भाविकांना हे पुस्तक बोचलं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचा नाट्यप्रयोग झाला, तेव्हा काही कॅथलिक मंडळींनी बाहेर निदर्शनंही केली. त्यांचं दुखणं समजण्यासारखं आहे. श्रद्धेनं जिला आई मानलं, तिच्याबद्दल असं लिहिलेलं सहन होत नाही. मात्र कादंबरीतली मरीया मुलावर प्रेम करत नाही असं मुळीच नाही. माझं दुःख तुमच्या सोयीनं लिहू नका, एवढंच तिचं म्हणणं.

इथं अशा सगळ्याच लेखनाला एक धडा आहे. इंग्रजीत अलीकडे मुक्या बाईला आवाज दिला, असं फार सहज म्हटलं जातं. मराठीत बोलताना आपण कुणाला 'आवाज देतो' म्हणजे हाक मारतो. हा अर्थ मला अधिक बरा वाटतो. लेखकानं हाक मारावी. ओ काय यायची ती येईल, आपल्याला हवी तशीच येईल असं नाही. अशा कादंबऱ्या आता पुष्कळ निघतात. सारा, मीखल, मग्दालीया, एकेकीवर ढीगभर पुस्तकं आहेत. त्यातल्या कितीएकींत जुन्या बाईला आजच्या बाईचे कपडे घालून आजचीच वाक्यं बोलायला लावलेली असतात. तिला न विचारता तिच्या वतीनं बोलणं, हे तर दीनाच्या भावांनीही केलंच होतं.

चांगली कादंबरी वाचून झाली, की आपण मूळ गोष्टीकडे परत जातो आणि आजवर न दिसलेलं काही दिसू लागतं. दीनाच्याच अध्यायाचं पाहा. भावांनी गाव लुटलं तेव्हा तिथल्या बायकाही धरून नेल्या. ज्यांचे नवरे, बाप आणि भाऊ त्याच दिवशी मारले गेले, अशा त्या बायका. एका बहिणीच्या अब्रूसाठी किती जणींची अब्रू गेली! त्यांचं एकीचंही नाव लिहिलेलं नाही. ते अर्धं वाचन आपण कितीदा न थांबता ओलांडतो. मुलीनं आपल्या मनानं जोडीदार निवडला म्हणून घराण्याच्या नावाखाली खून पडतात, अशा बातम्या आपल्याकडेही येतात. त्यात जात येते, पंचायत येते, बापाचं आणि भावांचं म्हणणं येतं. मुलीचं म्हणणं काय होतं, ते बातमीत शोधावं लागतं.

आपल्याला ही वाट नवी नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये १९६७ साली गांधारीला, कुंतीला, द्रौपदीला देव्हाऱ्यातून खाली आणून माणूस म्हणून पाहिलं. बायबलच्या गोष्टीही मराठीला परक्या नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानं एकोणिसाव्या शतकात त्या मराठी कीर्तनांतून, साकी-दिंडीच्या चालींवर गायल्या.

आणि एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ते पंडिता रमाबाईंचं. आधीचं मराठी बायबल साध्या बायकांना कळत नाही, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणायला बसल्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं तिथल्या बायका-मुली करत. त्यांच्यात कुणी विधवा, कुणी दुष्काळातून वाचलेल्या, कुणी टाकलेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी त्यांचं काम हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं.

दीनाचा तो अध्यायही त्यात आला. रमाबाईंनी त्यात पदरचं काही घातलं नाही. दीना तिथंही बोलत नाही. पण अॅटवुड यांच्या कादंबरीत जे पुस्तक कुलपात आहे, ते केडगावला बायकांच्या हातात होतं. ज्यांना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं, अशा बायकांनी ती ३१ वचनं अक्षर अक्षर जुळवून छापली. त्यांच्यातल्या एखादीच्या मनात आलं असेलच, की हिला कुणी विचारलं कसं नाही?